जॅक बदलण्याआधी

लॅपटॉपच्या कडेला चार्जरची पिन ज्या छिद्रात खोचतात त्याला पॉवर जॅक किंवा दुकानातल्या बोलीत नुसते चार्जिंग सॉकेट म्हणतात, आणि यंत्राची सगळी वीज ज्या वाटेने आत येते त्याच वाटेवर वापरणाऱ्याच्या हाताचा, मांडीचा व पायात अडकणाऱ्या वायरीचा जोरही रोज पडत असल्यामुळे, किमतीने अगदी किरकोळ असलेला हा भाग लॅपटॉपचे आयुष्य बऱ्याचदा ठरवून जातो. जॅक बिघडला की लक्षणे विजेची दिसतात. चार्जिंगचा दिवा लागतो आणि विझतो, बॅटरी भरत नाही, पिन एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच यंत्र चालते. कारण मात्र बहुतेक वेळा यांत्रिक असते, म्हणजे आत काहीतरी वाकलेले, सैल झालेले किंवा तडकलेले असते. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याच्या हाताला सोल्डरिंग जमते हे खरे, परंतु त्याहून अधिक कामाला येते ती हा फरक डोक्यात पक्का ठेवण्याची सवय. जॅक का तुटला हे न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच कारणाने तुटतो आणि तेच गिऱ्हाईक काही महिन्यांनी तोच लॅपटॉप काखेत मारून पुन्हा दारात उभे राहते.

येथे जे मांडले आहे त्यामागचा अनुभव वेरिबीतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये जमा झालेला आहे. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे 30 किलोमीटरवर असलेले हे उपनगर जुन्या मेलबर्नकरांना दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे; एक म्हणजे 1897 पासून शहराचे सांडपाणी जिथे येते ते प्रक्रिया केंद्र आणि दुसरे म्हणजे वेरिबी साउथचे फ्लॉवर-ब्रोकोलीचे मळे. ज्या विंडम नगरपालिकेत वेरिबी मोडते तिची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 92 हजार भरली, आणि वेरिबीसह टार्नीट, ट्रुगनिना, हॉपर्स क्रॉसिंग, पॉइंट कुक या भागांत भारतातून आलेल्या कुटुंबांची वस्ती गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली. त्यातली मराठी घरे ओळखीपाळखीने एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला पाटी लावावी लागत नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असताना कोणीतरी "अहो, आमचा लॅपटॉप जरा बघाल का" असे विचारते आणि कामाला सुरुवात होते. अशा घरांत बहुधा दोन तऱ्हेची यंत्रे असतात. एक इथे घेतलेले, नोकरीच्या किंवा शाळेच्या कामाचे. आणि दुसरे पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून सामानात आलेले, ज्याच्यात लग्नाचे फोटो असतात आणि जे जुने झाले तरी टाकवत नाही. हे दुसरे यंत्रच गॅरेजमध्ये जास्त येते.

जॅकची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही. गोल जॅकमध्ये बाहेरचे धातूचे कडे ऋण टोकाला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला, जोडलेले असते आणि आतला भाग धन टोकाला. चार्जर सामान्यतः 19 ते 20 व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो. मापे मात्र कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असतात. बाहेरचा व्यास 5.5 मिलिमीटर आणि आतला 2.5 हे जुने, सर्वत्र आढळणारे माप. डेल आणि एचपीच्या बऱ्याच यंत्रांत 7.4 बाय 5.0 आणि पुढे 4.5 बाय 3.0, लेनोवोने मध्यंतरी आयताकृती तोंडाची पिन आणली. मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्यानेच दुसऱ्याच मापाची पिन आत सैल बसते, दिवा लागतो म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि जॅकमधली लवचीक पत्ती हळूहळू ढिली पडते. बसवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. एका पद्धतीत जॅक थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो. दुसरीत जॅकला छोटी वायर असते आणि तिच्या टोकाचा कनेक्टर बोर्डावर नुसता खोचलेला असतो. पहिल्या पद्धतीत पिनेला बसलेला प्रत्येक धक्का बोर्डावरच्या सोल्डरच्या टाक्यांपर्यंत पोहोचतो, तर दुसरीत तो वायरीत आणि प्लास्टिकच्या खाचेत जिरतो, आणि जॅक बदलायला सोल्डरिंग आयर्न गरमसुद्धा करावे लागत नाही. कुठल्या यंत्राची दुरुस्ती अर्ध्या तासाची आणि कुठल्याची अर्ध्या दिवसाची, हे कारखान्यात नकाशा काढणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

सैल सांध्यात उष्णता का निर्माण होते याचा हिशेब सोपा आहे आणि तो गिऱ्हाइकाला सांगितला तर पटतोही. 65 वॉटचा, 19.5 व्होल्टचा चार्जर पूर्ण भाराखाली सुमारे 3.3 अँपिअर प्रवाह देतो. स्पर्शाच्या जागी अर्धा ओहम एवढाच रोध तयार झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने त्या एका बिंदूवर जवळजवळ साडेपाच वॉट उष्णता निर्माण होते, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत साडेपाच वॉट म्हणजे प्लास्टिक पिवळे पडायला, पुढे काळे पडायला पुरेसे आहेत. तापल्याने पत्तीचा ताण जातो, ताण गेल्याने रोध वाढतो आणि रोध वाढल्याने ती आणखी तापते. पिन हलवली की आत बारीक ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी धातूवर काजळीचा पातळ थर ठेवून जाते. म्हणून "हलवून चालतोय ना, चालू द्या" हा सल्ला घरोघरी दिला जात असला, तरी त्याच्याइतका नुकसानकारक सल्ला या कामात दुसरा नाही.

जॅक बिघडल्याची तक्रार घेऊन आलेल्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच लॅपटॉपांचा जॅक धडधाकट निघतो, ही गोष्ट या धंद्यात उशिरा आणि आश्चर्याने कळते. भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत घरगुती वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचीच आहे, आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यामुळे पुण्याचा चार्जर वेरिबीत चालायला काहीच हरकत नसते. अडचण असते ती प्लगच्या आकाराची. भारतातला गोल तीन पिनांचा प्लग इथल्या तिरप्या चपट्या खाचांच्या सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून विमानतळावर किंवा दोन डॉलरच्या दुकानात घेतलेला कन्व्हर्टर मध्ये लावला जातो, आणि जाड प्लगच्या वजनाने तो भिंतीतून अर्धवट बाहेर येऊन लोंबकळत राहतो. चार्जिंग लागते-जाते ते तिथे. दोष मात्र जॅकवर येतो. अशाच एका घरात धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या येतात, अशी तक्रार होती आणि जॅकमधून करंट उतरतोय असे घरातल्या सर्वांचे मत पडले होते. वास्तविक त्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थिंगची पिन पुढे जोडलेलीच नव्हती; चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी जे छोटे कपॅसिटर असतात त्यांच्यातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहाला जमिनीकडे जायला वाट उरली नव्हती आणि तो हाताला जाणवत होता. चार्जरच्या विटेसारख्या डब्यातून निघणारी, तीन पाकळ्यांच्या टोकाची जी वायर भिंतीपर्यंत जाते तेवढीच बदलून इथल्या प्लगची, इथल्या सुरक्षामानकांचे चिन्ह असलेली वायर लावली की दोन्ही तक्रारी मिटतात. या वायरीला काही डॉलर पडतात. लॅपटॉप उघडावाही लागत नाही.

फसवणारी दुसरी जात ओळखपिनेची आहे. डेल आणि एचपीच्या वर सांगितलेल्या जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज पुरवली जात नाही, चार्जर कोणत्या क्षमतेचा आहे ही माहिती तिच्यावरून यंत्राला मिळते. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी एक चिमुकली स्मृतिचिप बसवलेली असते. ही पिन वाकली, तुटली किंवा तिचा टाका सुटला, तर लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण चार्जर ओळखता येत नसल्यामुळे बॅटरी भरायचे नाकारतो आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम कमी करतो. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की यंत्र चालू आहे, बॅटरी भरत नाही आणि सगळे संथ झाले आहे. मग तो नवी बॅटरी आणतो, ती भरत नाही म्हणून विंडोज पुन्हा टाकून घेतो, आणि शेवटी यंत्र म्हातारे झाले असा निष्कर्ष काढतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वास्तविक लॅपटॉप चालू करताना क्षणभर पडद्यावर येणारी, चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही अशा अर्थाची सूचना घाईने एखादे बटण दाबून घालवली नसती, तर ते सगळे पैसे वाचले असते.

या निदानाच्या बाजूला खरे वळण 2020 मध्ये मिळाले. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून व्हिक्टोरियातल्या शाळा घरून भरू लागल्या, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मेलबर्न महानगरात घरापासून 5 किलोमीटरपलीकडे जाण्यावर आणि रात्री बाहेर पडण्यावर निर्बंध आले. एकाच घरात दोन मुलांचे वर्ग, आईची कार्यालयीन बैठक आणि वडिलांची रात्रपाळी असे सगळे दोन लॅपटॉपांवर चालले होते, आणि जे यंत्र एरवी दिवसातून तासभर वापरले जाई त्याची पिन दिवसात दहा वेळा काढली-घातली जाऊ लागली. दुरुस्तीसाठी यंत्र समोर येणे अवघड झाल्यामुळे फोनवरूनच निदान करावे लागले, आणि हात वापरता येत नसले की प्रश्न नेमके विचारावे लागतात हे त्यातून शिकायला मिळाले. चार्जरच्या विटेवर दिवा आहे का, आणि पिन लॅपटॉपमध्ये घातल्यावर तो विझतो का? विझत असेल तर जॅकमध्ये किंवा बोर्डावर धन आणि ऋण एकमेकांना टेकले आहेत, याला शॉर्ट म्हणतात, आणि पुढे काही न करता पिन काढून ठेवायची. पिन डावीकडे दाबल्यावर चालते की वर उचलल्यावर? लॅपटॉप शेवटचा कधी पडला, आणि कोणत्या कोपऱ्यावर? कॅमेरा धरायला घरातले दहा वर्षांचे पोर बसवले तर फारच उत्तम, कारण त्याचा हात हलत नाही आणि ते दिसते तेच सांगते. मोठी माणसे दिसते त्यात आपला तर्क मिसळतात. जॅकच सैल आहे असे ठरले, तर दुरुस्ती होईपर्यंत लॅपटॉप बंद ठेवून, डोळ्यांसमोर, कठीण पृष्ठभागावर चार्ज करायचा आणि रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपायचे नाही, एवढेच सांगता येई. निर्बंध उठल्यावर यंत्रे प्रत्यक्ष उघडली गेली तेव्हा फोनवरचे निदान बहुतांश बरोबर निघाले, आणि तेव्हापासून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसण्याची पद्धत पडली ती कायमची.

यंत्र उघडल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे असते, कारण चार्जर काढला तरी बॅटरीमुळे बोर्डावर वीज असते आणि निसटलेल्या स्क्रूने तेवढ्यात शॉर्ट होऊ शकतो. त्यानंतर जॅककडे धाव न घेता बिजागरीकडे पाहावे, हे सांगायला प्रत्येक मॅन्युअल विसरते. बऱ्याच लॅपटॉपांत जॅक बिजागरीच्या अगदी शेजारी असतो. पडदा उघडताना बिजागरीवर येणारा जोर ज्या पितळी नटांवर पडतो ते नट प्लास्टिकच्या खुंटात दाबून बसवलेले असतात. काही वर्षांनी ते खुंट तडकतात, कवच कोपऱ्यातून उकलते आणि पडदा उघडता-मिटताना जॅकची बैठक दरवेळी थोडी उचलली जाते. विद्यापीठात शिकणाऱ्या आणि संध्याकाळी जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या एका मुलाच्या लॅपटॉपचा जॅक अन्यत्र एकदा बदलून झाला होता आणि तरी चार्जिंग पुन्हा गेले होते. बदललेला जॅक उत्तम होता, टाकेही स्वच्छ होते. तुटला होता तो खालच्या कवचातला बिजागरीचा खुंट. दोन घटकांचा इपॉक्सी लावून खुंट उभा केला, बिजागरीचा नट थोडा सैल करून तिचा ताठरपणा उतरवला आणि तोच जॅक नीट बसवला, तेव्हा तक्रार संपली. या धंद्यात "जॅक बदलणे" या नावाखाली जे काम चालते त्यातले कितीतरी काम प्रत्यक्षात सुतारकामाच्या जवळचे असते, आणि ते ज्याला कमीपणाचे वाटते त्याची दुरुस्ती टिकत नाही.

बोर्डावर सोल्डर केलेला जॅक काढणे हा मात्र खरा कसोटीचा भाग आहे आणि त्याकडे सावकाश पाहण्यासारखे आहे. जॅकला पाच ते आठ जाड पाय असतात, ते बोर्डाच्या भोकांतून आरपार गेलेले असतात आणि त्यातले बहुतेक ग्राउंडच्या तांब्याच्या थराला जोडलेले असतात. हा थर बोर्डाच्या आतून सगळीकडे पसरलेला असल्यामुळे सोल्डरिंग आयर्नची उष्णता टाक्यावर न थांबता ओल्या लाकडाला काडी लावावी तशी वाया जाते. त्यात 1 जुलै 2006 पासून युरोपात शिसे वापरण्यावर निर्बंध आले आणि जगभरचे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले. कथील, चांदी आणि तांबे यांचे हे मिश्रण सुमारे 217 अंशांना वितळू लागते, तर 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेले जुने मिश्रण 183 अंशांनाच वितळत असे. म्हणून कारागीर आधी प्रत्येक जुन्या टाक्यात थोडे शिसेयुक्त सोल्डर मिसळतो, जेणेकरून वितळण्याचे तापमान खाली येते. बोर्ड खालून मंद तापवून घेतो. जवळच्या प्लास्टिकच्या कनेक्टरांवर उष्णतारोधक पिवळी कॅप्टॉन टेप लावतो. आणि फ्लक्स, म्हणजे धातूवरचा गंज काढून सोल्डर वाहते ठेवणारे चिकट द्रव्य, हात न आखडता वापरतो. गॅरेजचे दार उघडे ठेवावे लागते, कारण फ्लक्सचा धूर छातीला वाईट, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही.

इथे नवशिका जी घाई करतो ती म्हणजे जॅक अखंड काढण्याची. सगळे पाय एकाच वेळी वितळलेले राहत नाहीत. एकीकडचा टाका सुटेपर्यंत दुसरीकडचा गोठतो, माणूस पकडीने ओढतो, आणि भोकाच्या आत बसवलेली तांब्याची पातळ नळी पायाबरोबर उपटून येते. ती नळी बोर्डाच्या थरांना एकमेकांशी जोडत असते. ती गेली की वरून सुंदर दिसणारा टाका आतल्या थराला लागतच नाही. शहाणपण यात आहे, की बिघडलेला जॅक वाचवायचाच नाही. बारीक कटरने त्याचे प्लास्टिक आणि कवच कापून तुकडे करायचे, मग उरलेला एकेक पाय वेगळा तापवून चिमट्याने अलगद काढायचा आणि भोके तांब्याच्या विणलेल्या पट्टीने सोल्डर शोषून मोकळी करायची. बोर्ड दिव्यासमोर धरला की प्रत्येक भोकातून स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. नवा जॅक बसवताना एकच पाय आधी पकडवायचा, बोर्ड कवचात ठेवून चार्जरची पिन घालून पाहायची, जॅक अर्धा मिलिमीटर जरी तिरपा असेल तर तो एक टाका पुन्हा वितळवून सरळ करायचा, आणि मगच बाकीचे पाय भरायचे. तिरपा बसलेला जॅक कवचाच्या कडेला टेकतो आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावर ताण राहतो. शेवटी मल्टिमीटरने धन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना हे तपासून, प्रवाहावर मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायवर यंत्राला पहिल्यांदा वीज द्यावी, म्हणजे काही चुकले असेल तर सप्लाय आपोआप आवरता घेईल आणि बोर्ड जळणार नाही.

एखाद्या यंत्राच्या बोर्डावरचे, टाका ज्यावर बसतो ते तांब्याचे पॅड आधीच्या दुरुस्तीत उखडलेले असते, तेव्हा जाड तांब्याची वायर जॅकच्या धन पायापासून बोर्डावरच्या पहिल्या फ्यूजपर्यंत किंवा वीज आत घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या मॉस्फेटपर्यंत ओढावी लागते. हे दिसायला ओबडधोबड असते, पण नीट केले तर टिकते. एका घरात तर मालकाने स्वतःच जॅक काढून टाकून दोन वायरी कवचाच्या फटीतून बाहेर आणल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला बाजारात मिळणारे सुटे सॉकेट लावले होते. मध्ये वायरीला गाठ मारून ताण आत जाणार नाही याची तजवीजही केली होती. शिष्ट कारागीर अशा जुगाडाला नाक मुरडतो. परंतु धक्का बोर्डापर्यंत पोहोचू द्यायचा नाही हे मूळ तत्त्व त्या गृहस्थाने कारखान्यापेक्षा चांगले ओळखले होते, म्हणून वायरीचे आवरण आणि धन-ऋण तपासून ते यंत्र जसेच्या तसे परत देण्यात आले.

पैशाचे गणित इथे भारताच्या नेमके उलटे चालते आणि ते स्पष्ट सांगितलेले बरे. सुटा जॅक टपालाने मागवला तर पाच-दहा डॉलरांना मिळतो, मात्र यायला दोन-तीन आठवडे लागतात. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2025 ला किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झाले; बोर्डावरचा जॅक बदलायला दोन-तीन तास जातात, म्हणजे अगदी किमान दराने धरले तरी मजुरी भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होते, आणि दुकानाचे भाडे-विमा धरून आकडा याहून बराच वर जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा हा व्यवहार असल्यामुळे बऱ्याच दुकानांत सरळ नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला मिळतो, आणि व्यापाराच्या दृष्टीने तो खोटाही नसतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सुटे भाग हाताशी मिळतात, मजुरी परवडते, आणि बोर्डावर काम करणारा हात शोधावा लागत नाही. त्यामुळे सुट्टीत भारतात जाताना बिघडलेला लॅपटॉप सोबत नेणारी मराठी माणसे कमी नाहीत. ज्यांना तेवढे थांबता येत नाही ते गॅरेजमध्ये येतात. ओळखीतल्या माणसाकडून मजुरी किती घ्यावी हा प्रश्न मात्र सोल्डरिंगपेक्षा अवघड आहे. काहीच घेतले नाही तर लोक संकोचून पुन्हा येत नाहीत किंवा न संकोचता फारच येतात. म्हणून भागाची किंमत आणि ठरलेली बेताची मजुरी आधी सांगून टाकणे हेच दोन्ही बाजूंना सोयीचे पडते.

दुरुस्ती परवडत नाही म्हणून यंत्र नुसते फेकूनही देता येत नाही; व्हिक्टोरियात 1 जुलै 2019 पासून विजेवर वा बॅटरीवर चालणारी कोणतीही वस्तू कचऱ्याच्या भरावात टाकायला मनाई आहे. वेरिबीत ती वेस्ट्स रोडवरच्या नगरपालिकेच्या केंद्रात नेऊन द्यावी लागते. टाकायला निघालेले यंत्र वाटेत गॅरेजमध्ये आणून देण्याची पद्धत ओळखीच्या घरांत पडली आहे, आणि अशा यंत्रांतून निघालेले जॅक, बिजागऱ्या, स्क्रू आणि कवचे हेच पुढच्या दुरुस्त्यांचे भांडार बनते. मात्र फुगलेली बॅटरी भांडारात ठेवायची नाही. लिथियमची फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेते, म्हणून ती वेगळी काढून त्याच केंद्रात सांगून द्यावी.

कायद्याची बाजूही कारागिराने शिकून घ्यावी लागते. 1 जानेवारी 2011 पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार वस्तू वाजवी काळ नीट चालली पाहिजे ही विक्रेत्याची जबाबदारी असते आणि ती कंपनीने छापलेल्या वॉरंटीच्या मुदतीपुरती नसते. म्हणून इथे घेतलेला, दीड वर्षाचा लॅपटॉप जॅकसाठी आला तर तो उघडू नये. पावती घेऊन आधी दुकानात जायला सांगावे. यात काम हातचे जाते, पण उघडलेल्या यंत्राबाबत गिऱ्हाइकाचा हक्क मांडणे अवघड होते. दुरुस्तीत यंत्रातली माहिती नष्ट होऊ शकते, अशी लेखी सूचना यंत्र स्वीकारण्याआधी देणेही इथे दुरुस्ती करणाऱ्यावर बंधनकारक आहे. सूचना वाचून माणसे चपापतात आणि तेव्हाच कळते की बहुतेकांनी फोटोंची दुसरी प्रत ठेवलेलीच नसते. जॅक गेलेल्या यंत्राची डिस्क सहसा शाबूत असते. त्यामुळे दुरुस्ती परवडणार नसेल तरी डिस्क काढून फोटो वाचवता येतात, आणि कित्येकांना प्रत्यक्षात हवे असते ते एवढेच.

गोल जॅक आता मागे पडत चालला आहे. 2014 मध्ये आलेल्या यूएसबी टाइप-सी या जोडणीतून सुरुवातीला 100 वॉटपर्यंत आणि 2021 च्या सुधारणेनंतर 240 वॉटपर्यंत वीज देता येऊ लागली, आणि युरोपीय संघात 28 एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपांना हीच जोडणी सक्तीची झाली आहे. कुठलाही चार्जर कुठल्याही यंत्राला चालणे ही सोय मोठी आहे, आणि बऱ्याच लॅपटॉपांत अशी दोन छिद्रे असल्यामुळे एक बिघडले तरी दुसऱ्यावर भागते. परंतु दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पाच ते आठ जाड पायांच्या जागी केसाएवढ्या 24 पिना आल्या आहेत, ज्यांना सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर गन यांशिवाय हात लावता येत नाही, आणि छिद्रामागे चार्जरशी व्होल्टेजची वाटाघाट करणारी चिप असल्यामुळे नुसत्या मल्टिमीटरवर निदान होत नाही. काही कंपन्या हे छिद्र वेगळ्या छोट्या बोर्डावर देतात, जे दोन स्क्रू काढून बदलता येते; लॅपटॉप घेताना पडदा आणि प्रोसेसर पाहिला जातो तेवढ्याच बारकाईने ही गोष्ट विचारून घ्यावी, कारण दुकानातला माणूस ती आपण होऊन सांगत नाही.

ज्यांच्याकडे अजून गोल जॅकचे यंत्र आहे त्यांनी पिन डगमगू लागताच ती हलवून चालवणे थांबवावे, आतल्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी, आणि लॅपटॉप दुरुस्तीला नेताना चार्जर भिंतीपर्यंतच्या वायरीसकट, मधल्या कन्व्हर्टरसकट, बरोबर न्यावा.